जीवनसत्त्वांची घरगुती बाटली

गेल्या पावसाळ्यांत जालन्यास गेलों असतां मस्तगड भागांतील एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही दोन दिवस राहिलों. तीन पिढ्यांचें भरलें घर. सकाळीं चहाबरोबर फडताळांतून एक मोठी बाटली निघे आणि आजोबांपासून पांच वर्षांच्या नातवापर्यंत प्रत्येकाच्या हातावर तीच गोळी पडे. "सगळीं जीवनसत्त्वें नि क्षार एकाच गोळींत आहेत, शक्तीचीच वस्तु, ती बाधणार काय?" असें सूनबाई म्हणाल्या. अशी बाटली आतां पुष्कळ घरीं दिसते, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

आजींच्या पायांना वर्षभर मुंग्या येत होत्या. परंतु गोळ्यांनीं रक्त सुधारलें होतें, चेहराहि टवटवीत दिसे. पायांकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. महिन्याभरानें आम्हांला फोन आला. डॉक्टरांनीं रक्त तपासविलें, तों बी-१२ हें जीवनसत्त्व फारच कमी निघालें. आजी कडक शाकाहारी. शिवाय मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन घेणाऱ्या, आणि तें औषध दीर्घकाळ घेतल्यास बी-१२चें शोषण घटतें. गोळींत तें होतें, पण अल्प. फॉलिक आम्ल मात्र भरपूर. फॉलिक आम्लानें पांडुरोग हटतो, पण बी-१२च्या अभावीं मज्जातंतूंची होणारी हानि आंतल्या आंत चालूच राहते.

या फॉलिक आम्लाची कथा मुंबईंत सुरू होते. १९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स तेथें आल्या आणि गरोदर स्त्रियांचा एक प्रकारचा पांडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा होतो असें त्यांनीं दाखविलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य तें हेंच. बी-१२ निराळें काढतां आलें तें १९४८ सालीं. दोहोंचा तोल किती नाजूक आहे हें पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. आसपासच्या खेड्यांतील मातांच्या त्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. दोन-तृतीयांश मातांत बी-१२ कमी होतें, फॉलेटची उणीव मात्र जवळजवळ नव्हती. आणि बी-१२ कमी व फॉलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीं इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत कमी पडतांना आढळला.

वनस्पतिजन्य आहारांत बी-१२ जवळजवळ नसतेंच. शाकाहाऱ्यांस तें दूध-दह्यांतून मिळावयाचें. आपल्याकडील पांढऱ्या पाण्यासारख्या ताकावर मात्र कोणीं विसंबूं नये!

बाकीच्यांचेंहि पाहूं. सूनबाई गरोदर. त्यांना सरकारी दवाखान्यांतून ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी रोज मिळतच होती. वर ही बाटली. गर्भारपणांत 'अ' जीवनसत्त्व अति झाल्यास गर्भास व्यंग येऊं शकतें, म्हणून अशी भर डॉक्टरांस विचारूनच घालावी. लोह चहाबरोबर घेतल्यास फारसें अंगीं लागत नाहीं, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळीं घेऊं नये. आजोबा रक्त पातळ ठेवण्यासाठीं वॉरफॅरिन घेतात. 'के' जीवनसत्त्व त्या औषधाचा जोर मोडतें. सर्वांत भय नातवाचें. गोड आवरणाच्या लोहयुक्त गोळ्या मुलानें मूठभर खाल्ल्या तर प्राणावर बेततें. अशा वेळीं उलटीची वाट न पाहतां, बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गांठावें.

आतां ती बाटली वरच्या कपाटांत कुलुपांत आहे. आजींना बी-१२चीं इंजेक्शनें चालू झालीं. मुंग्या बऱ्याच उतरल्या, डाव्या अंगठ्याची बधिरता मात्र अजून गेलेली नाहीं.