तपासणाऱ्याची तपासणी

काही वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर मुळशी तालुक्यातील उरवडे या गावी भरले होते. पिरंगुटजवळचे, डोंगरांच्या कुशीतले हे गाव. पाऊस तीन दिवस खंडला नव्हता. पावसाळ्यात गढूळ पाणी विहिरीत उतरते आणि जुलाब-उलट्यांची साथ पसरते, म्हणून घरोघरच्या पाण्यात पुरेसा क्लोरीन आहे की नाही हे तपासण्याचे काम आमच्या मुलांनी घेतले होते.

तपासणी अगदी सोपी. परीक्षानळीत नळाचे पाणी घ्यायचे, त्यात ऑर्थोटोलिडीन या रसायनाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन असेल तर लगेच पिवळा रंग येतो. गावोगावी हिला ‘ओ. टी. टेस्ट’ म्हणतात. आम्ही सात घरांचे पाणी तपासले. एकातही रंग आला नाही. मी गावच्या जलसुरक्षकाला गाठले आणि जरा चढ्या आवाजातच विचारले, “टाकीत पावडर टाकली नाही का?”

“सर, सकाळीच टाकलीय. वास घेऊन बघा की.”

वास खरोखरच येत होता! त्याने कपाटातून काळ्या कागदात गुंडाळलेली आपली बाटली काढली, तिच्यावरची तारीख मला दाखवली आणि त्याच पाण्यात थेंब टाकले. पाणी लख्ख पिवळे झाले. “तुमची बाटली म्हातारी झाली असंल,” तो म्हणाला. आमची बाटली दोन वर्षांची होती, पांढऱ्या काचेची होती आणि प्रयोगशाळेच्या दक्षिणेकडील खिडकीत उभी असे. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला याची लाज वाटायलाच हवी होती, आणि ती वाटली.

आता या बाटलीचे काय झाले ते पाहू. हळदीचा डाग पडलेला सदरा आई धुऊन उन्हात टाकते आणि डाग उडून जातो, हे तुम्ही पाहिले असेल. प्रकाश हा ऊर्जेच्या लहान लहान पुड्यांनी येतो. जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाची पुडी इतकी मोठी असते, की ती काही रेणूंमधले बंध तोडू शकते. तांबड्या प्रकाशाची पुडी कितीही संख्येने आली तरी बहुधा ते काम तिला जमत नाही. तपकिरी काच नेमका हा निळा-जांभळा प्रकाश अडवते. औषधांच्या बाटल्या तपकिरी असतात त्या शोभेसाठी नव्हेत. ऑर्थोटोलिडीनचे द्रावणही तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवायचे आणि सहा महिन्यांच्या आत संपवायचे, असा प्रयोगशाळांचा नियम आहे. बुचाला रबर लागू द्यायचे नाही, हाही त्यातलाच एक.

दुसरा शत्रू उष्णता. रसायनशास्त्रात एक ढोबळ ठोकताळा आहे : तापमान दहा अंशांनी वाढले की पुष्कळशा रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४५ अंश आणि जाड भिंतींच्या खोलीत २५ अंश तापमान असेल, तर वेग दोनदा दुप्पट, म्हणजे चौपट झाला. पत्र्याखालचा एक महिना हा थंड खोलीतल्या चार महिन्यांच्या बरोबरीचा! बाटलीवरची मुदत कॅलेंडर पाहून छापतात, पण बाटलीतील रसायन कॅलेंडर पाहत नाही.

तिसरा शत्रू दमट हवा, आणि त्याचा सर्वात मोठा बळी म्हणजे ब्लीचिंग पावडर, जिला खेडोपाडी ‘टी. सी. एल.’ म्हणतात. ताज्या चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन वापरता येण्याजोगा असतो. हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड तिच्यातला क्लोरीन मोकळा करतात व तो उडून जातो. पोते उघडताच नाकाला झोंबणारा वास म्हणजे पावडरीची शक्तीच आपल्यासमोर उडून चालली आहे असे समजा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींकडील पावडरीचे नमुने प्रयोगशाळेत तपासतात, आणि क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली उतरला तर ती पावडर निकृष्ट ठरते.

मला प्रथम वाटले होते, की झाकण लावलेला अर्धा डबा रोज ‘श्वास’ घेत असणार. दिवसा आतली हवा तापून थोडी बाहेर जाते, रात्री बाहेरची दमट हवा आत येते. मग आकडेमोड केली. डब्यात पाच लिटर हवा आणि दिवस-रात्रीचा फरक १५ अंश धरला, तर पाव लिटर हवेची ये-जा होते. पावसाळी हवेच्या एका घनमीटरमध्ये २३ ग्रॅमच्या आसपास बाष्प असते, म्हणजे पाव लिटरमध्ये सहा मिलिग्रॅमदेखील नाही. चार महिन्यांत एक ग्रॅमही पाणी आत गेले नाही! माझा तर्क कोसळला. झाकण घट्ट असेल तर डबा बिचारा निर्दोष आहे. घात होतो तो फाटक्या पिशवीने, उघड्या तोंडाने आणि ओल्या चमच्याने.

पावडर निम्मी कमजोर झाली तर पाणी निम्मे शुद्ध होईल, असे कोणाला वाटेल. तसे होत नाही. समजा, १००० लिटर पाण्यात २.५ ग्रॅम ताजी पावडर टाकली. लिटरमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला. त्यातला, समजा, ०.४ मिलिग्रॅम पाण्यातील घाणीशीच झटापट करण्यात खर्च झाला. उरला ०.४. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान ०.२ उरायला हवा, तेव्हा हे पाणी उत्तीर्ण झाले. आता पावडरीत १५ टक्केच क्लोरीन असेल तर मिळतो ०.३७. घाण तो सगळाच खाऊन टाकते. निम्म्या पावडरीने उरलेला क्लोरीन निम्मा न होता शून्य झाला.

आणि याच वेळी तपासणीचे द्रावणही बिघडलेले असेल तर? उरवड्यात आमची चूक त्यातल्या त्यात बरी होती. पाणी चांगले असताना आम्ही ते वाईट म्हटले. पण जुने द्रावण कधी स्वतःच पिवळसर पडते, आणि मग क्लोरीन नसलेले पाणीही पिवळे दिसते. ही चूक लोकांच्या पोटात जाते.

दुसरी एक तपासणी आहे, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली. छोट्या बाटलीत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते. बाटलीत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची. पाणी विष्ठेतील जंतूंनी दूषित असेल तर ते काळे होते. उत्तम युक्ती! परंतु बाटली जुनी, खराब झालेली असेल तरी पाणी काळे होत नाही, आणि पाणी स्वच्छ असेल तरीही होत नाही. दोन्ही गप्पच.

काटेकोर जपणूक केली तरी वस्तू बदलते, याचा नमुना पॅरिसजवळ सेव्र येथे आहे. १८८९ पासून जगाचा ‘किलोग्रॅम’ म्हणजे तेथील प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता, काचेच्या हंड्यांखाली, तिजोरीत बंद. शंभर वर्षांनी त्याच्या जुळ्या भावंडांशी तुलना केली, तर सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत! ठोकळा घटला की भावंडे वाढली, हे ठरवणार कसे? शेवटी २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याच बदलून ती निसर्गातील एका स्थिरांकावर बसवली.

आपल्याजवळ तेवढी साधने नाहीत, पण तीन परीक्षानळ्या आहेत. पहिलीत पावडर न टाकलेले विहिरीचे पाणी, दुसरीत चिमूटभर ताजी पावडर घातलेले पाणी, तिसरीत नळाचे पाणी. तिन्हींत थेंब टाकावेत. पहिली रंगहीन राहिली व दुसरी गडद झाली, तरच तिसरीची साक्ष ग्राह्य. हे मात्र शिक्षकांनी करावे. ऑर्थोटोलिडीन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, म्हणून अनेक ठिकाणी त्याऐवजी डी. पी. डी.च्या गोळ्या आल्या आहेत. त्या एकेक वेगळ्या चंदेरी वेष्टनात का असतात, हे आता सांगायला नको.

तुम्ही घरी हळद घ्या. पाण्यात दाट कालवून टीपकागद तिच्यात बुडवा, सावलीत वाळवून पट्ट्या कापा. एक गठ्ठा खिडकीतल्या उन्हात, एक न्हाणीघरात, एक काळ्या कागदात गुंडाळून पत्र्याखाली आणि एक घट्ट झाकणाच्या बरणीत कपाटात ठेवा. दर रविवारी प्रत्येकातील एक पट्टी काढून तिच्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब सोडा. चुन्याने हळद लाल होते. कोणती पट्टी किती लाल झाली ते तारखेसह वहीत लिहा, दोन महिने तरी. आणि त्याच दिवशी केलेली एक नवी पट्टी दर वेळी शेजारी ठेवा. निवळीही हवेतील कार्बन डायऑक्साइडने दुधाळ होऊन कमजोर होते. नवी पट्टीसुद्धा नीट लाल होत नसेल, तर निवळी बदला.