चिंता, चिता आणि कर्करोग

चिंता आणि चिता यांत फरक फक्त एका अनुस्वाराचा, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. कुणाला कर्करोग झाला की हे वचन हमखास निघते. ‘फार मनाला लावून घ्यायची हो, म्हणून झाले,’ असे लोक सहज बोलून जातात. पण रुग्णाच्या कानी हे पडले तर? आजार आहेच, वर तो आपणच ओढवून घेतल्याचा ठपका! म्हणून या समजुतीत तथ्य किती, ते पाहावे असे मला वाटले.

कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन यानेही उदास प्रकृतीच्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग अधिक होतो, असे मानले होते. ताणाचा शास्त्रीय अभ्यास मात्र विसाव्या शतकातला. थंडी, इजा, विष, कारण कोणतेही असो, शरीराची प्रतिक्रिया बरीचशी सारखीच असते, हे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून मांडले. संकट दिसताच ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात, छाती धडधडते, स्नायू ताठतात. संकट टळले की सारे पूर्ववत होते. परंतु परीक्षा, बेकारी, कर्ज ही संकटे महिनोन्‌महिने टळत नाहीत. दीर्घकाळ वाढलेले कॉर्टिसॉल प्रतिकारशक्ती दुबळी करते. कर्करोगाचा संशय येतो तो येथूनच.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. स्वतःच्या मुलाला कर्करोग होणे, याहून मोठा ताण कोणता? डेन्मार्कमध्ये अशा ११,३८० आईबापांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले नाही. युरोपातील सुमारे १,१६,००० स्त्रीपुरुषांच्या माहितीवरून २०१३ साली कामाचा ताण आणि कर्करोग यांचाही संबंध दिसला नाही.

मग ताण निरुपद्रवी म्हणावा काय? मुळीच नाही. तो आडवाटेने घात करतो. मन अस्वस्थ झाले की हात बिडीकडे, तंबाखूच्या पुडीकडे किंवा बाटलीकडे जातो, आणि तंबाखू व मद्य यांनी कर्करोग होतो हे पुरते सिद्ध झालेले आहे. शिवाय भीतीपोटी माणूस गाठ लपवतो आणि उपचाराची वेळ निघून जाते.

तेव्हा ताण हलका करण्याचे निरुपद्रवी मार्ग हवेत. हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ सालच्या पुस्तकात एक साधी रीत सांगितली: दहा-वीस मिनिटे शांत बसावे, श्वासाबरोबर एखादा शब्द मनात घोळवावा, विचार भरकटले तर पुन्हा त्या शब्दाकडे यावे. आपल्या आजीच्या जपाची आठवण व्हावी, अशीच ही रीत. शवासनात पायापासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा. संध्याकाळी अर्धा तास चालावे, वेळेवर झोपावे, जिवाभावाच्या माणसाजवळ मन मोकळे करावे. यास पैसा लागत नाही. या उपायांनी रुग्णाचीही घालमेल कमी होते, झोप सुधारते. मात्र त्यांनी कर्करोग बरा होत नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांना ते पर्याय नव्हेत.

तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, स्तनात गाठ लागली, तर जप करीत न बसता डॉक्टर गाठावा. आणि आजारी माणसाला ‘काळजी केलीस म्हणून झाले’ असे ऐकवण्यापेक्षा ‘चल, दवाखान्यात मी सोबत येतो’ असे म्हणावे. त्याचा ताण त्यानेच अधिक हलका होईल.