एक बाइक, तीन सरकारं... आणि मग व्हिएतनाम!

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये फॉरेन ट्रिपचे प्लॅन शिजायला लागले की हल्ली टूरची बस कोणालाच नको असते. व्हिएतनाममधल्या हा जियांगचे घाट, थायलंडमध्ये चियांग माईहून पाईला जाणारा वळणावळणांचा रस्ता आणि हाताशी भाड्याची बाइक. फंडा एकदम सही! पण बाइक चालवता येणं वेगळं आणि ती चालवायचा कायदेशीर परवाना असणं वेगळं. हा फरक समजायला पासपोर्ट लागत नाही. डहाणू-तलासरीचा एक वीकएण्ड पुरतो.

डहाणूहून किनाऱ्याकिनाऱ्याने निघा. चिकूच्या वाड्या, घोलवड, बोर्डीचं सुरूचं बन आणि मग तलासरी तालुक्यातलं झाई. झाई संपलं की गुजरात. उंबरगाव, वापी करत दमणला पोचलात की केंद्रशासित प्रदेश. परतताना भिलाड, आच्छाड, तलासरी, चारोटी असा हायवे पकडा. एका दिवसात तीन सरकारं! नियमही बदलतात. दमणच्या दुकानात राजरोस मिळणारी बाटली गुजरातच्या हद्दीत गुन्हा ठरते. लायसन्स मात्र तिन्हीकडे तेच चालतं. म्हणूनच आपला समज होतो, की लायसन्स खिशात असलं की जगात कुठेही बिनधास्त फिरावं.

या ट्रिपसाठी बाइक भाड्याने घेणार असाल तर आधी नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर गाडी भाड्याने द्यायला परवानगी आहे. गोव्यात दिसतात तशीच. कोणी ओळखीत पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देत असेल तर सरळ नाही म्हणा. अपघात झाला तर खासगी गाडी भाड्याने दिली म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते.

आता परदेश. तिथे लागतं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी. आपलं आरटीओ ते देतं, फी १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पण आयडीपीवर तुमच्या लायसन्सवरचेच प्रकार येतात. लायसन्स फक्त कारचं असेल तर आयडीपीवर मोटरसायकलचा ‘ए’ वर्ग मिळणार नाही. कॉलेजपासून बाइक पळवताय, हे सांगून तिथला पोलीस ऐकणार नाही!

आणखी एक मेख आहे. भारताचं आयडीपी १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलं जातं. थायलंडमध्ये ते चालतं. व्हिएतनाम मात्र १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेलंच आयडीपी मानतो. म्हणजे भारतीय आयडीपी दाखवून तिथे बाइक चालवणं हे विनालायसन्स चालवण्यासारखंच. दुकानदार चावी देईल, कारण त्याला भाडं हवंय. पण घाटात घसरलात, तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न लायसन्सचाच विचारतील. उत्तर चुकलं तर हॉस्पिटलचं बिल तुमच्या खिशातून! म्हणून हा जियांगला ड्रायव्हरच्या मागे बसून जा. नजारा तोच, टेन्शन शून्य.

चावी घेण्याआधी

• त्या देशात भारतीय आयडीपी चालतं का, हे तिकीट काढण्याआधीच तपासा. ते निघण्यापूर्वी भारतातच काढा आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा.

• ट्रॅव्हल पॉलिसीत टू-व्हीलरचा अपघात धरलाय का, किती सीसीपर्यंत, हे वाचा.

• डिपॉझिट म्हणून मूळ पासपोर्ट देऊ नका. झेरॉक्स किंवा रोख रक्कम द्या.

• दुकानदारासमोरच बाइकवरच्या प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा.

• बाइकचं नुकसान झालं तर पैसे कोण भरणार, ते लिहून घ्या.

• हेल्मेट डोक्यात घट्ट बसत नसेल तर दुसरं मागा. तेही नीट नसेल तर दुकान बदला.