खेड्यातील शाळा आणि बिनतारी विद्या

अजिंठ्याची लेणी पाहावयास येणारे बहुतेक लोक पद्मपाणीपुढे घटकाभर उभे राहून परत फिरतात. वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरविलेल्या सोळाव्या लेण्यात बाल सिद्धार्थाच्या शाळेचा प्रसंग रंगविलेला आहे, तो मात्र फारसा कोणी शोधीत नाही. रंग पुष्कळ उडाले आहेत. तरी ज्याचा जन्म फळ्यापुढे गेला, त्याचे पाय तेथे थबकल्यावाचून राहत नाहीत. ‘ललितविस्तर’ या संस्कृत ग्रंथात ही कथा सविस्तर आहे. राजपुत्र शाळेत येतो आणि विश्वामित्र नामक गुरुजींस विचारतो की, चौसष्ट लिप्यांपैकी आपण मला कोणती शिकविणार? त्यांतील कित्येकींची नावेही गुरुजींच्या कानावरून गेलेली नसतात!

हल्ली आम्हा मास्तरमंडळींची अवस्था या विश्वामित्रासारखीच झाली आहे. मोबाइल हातात घेतलेले पोर जे विचारते, त्याचे उत्तर आमच्यापाशी असेलच असे नाही. माझे वडील रेडिओस ‘बिनतारी यंत्र’ म्हणत. तोच जुना शब्द मी आता शाळांतून येऊ घातलेल्या इंटरनेटास लावतो, कारण खेड्यातील मुलाच्या दृष्टीने गोष्ट एकच: दूरचे ज्ञान तारेवाचून दारी येते.

ते दारी यावे म्हणून खटपट थोडी झालेली नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिला ‘भारतनेट’ असे नाव मिळाले. केसासारखा काचेचा तंतू पंचायतीच्या कचेरीपर्यंत पोहोचवावयाचा आणि पुढील अंतर गरजेप्रमाणे बिनतारी लहरींनी तोडावयाचे. डोंगर आडवा आला की या लहरी क्षीण होतात, हे अजिंठ्याच्या रांगेतील खोऱ्याखोऱ्यांत वसलेल्या वस्त्यांस सांगावयास नको.

परंतु डोंगरापेक्षाही मोठी अडचण मी पाहिली ती कपाटाची. ज्या एका शाळेत मी काही वर्षे होतो, तेथे संगणक आले. नारळ फुटला, हार पडले, छायाचित्र निघाले. पुढे विजेचे बिल थकले आणि जोडणी तुटली. बिल पंचायतीने भरावयाचे की शिक्षकांनी वर्गणी काढावयाची, हा वाद दोन वर्षे चालला. तेवढ्या काळात दोन तुकड्या चौथी होऊन बाहेर पडल्या; त्यांनी संगणक पाहिला तो झाकणासकट.

यंत्राच्या पाठोपाठ विद्या आपोआप येत नाही, हे महाराष्ट्राने पूर्वी एकदा पडताळून पाहिले आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे मराठी खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापिली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम ऐकावयाचा आणि मग तेथेच बसून त्यावर चर्चा करावयाची, असा परिपाठ होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. मंडळे होती त्या गावांतील लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढलेले आढळले. नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे वाढ बेताचीच.

आता आपल्याच जिल्ह्यातील गाडीवाटची गोष्ट पाहा. हे गाव छत्रपती संभाजीनगरापासून पंचवीस किलोमीटरांवर आहे. रस्ता धड नव्हता, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत इंटरनेट होते. २०१९ साली शाळेने चौथी ते आठवीच्या मुलांस विचारले की, परदेशी भाषा शिकावयाची तर कोणती? बहुतेकांनी जपानी मागितली, का तर त्यांस यंत्रमानवांची ओढ! शिक्षकांस जपानी येत नव्हती. क्रमिक पुस्तकही नव्हते. इंटरनेटवरील चित्रफिती आणि भाषांतराची साधने यांवर त्यांनी आरंभ केला. विश्वामित्राप्रमाणे थक्क झाले असतील, पण थांबले नाहीत. २०२० साली महामारीने शाळा बंद पडल्या, तेव्हा शहरातील एका भाषातज्ज्ञाने दुरूनच विनामूल्य पाठ घेतले. सर्वांच्या घरी मोबाइल कोठला? तेव्हा शाळेने ‘विषयमित्र’ नेमले: ज्यास पाठ ऐकावयास मिळाला, त्याने तो न मिळालेल्या सोबत्यांस शिकवावयाचा. हीच ती १९५६ची श्रोतृमंडळे, नव्या वेषात.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानी अक्षरांचा रूढ क्रम अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचे अध्ययन केले, त्यातून तो आला. तेथील शिंगोन पंथाचे भिक्षू अद्यापि मंत्राक्षरे ‘सिद्धम्’ या भारतीय लिपीत लिहितात. तेव्हा गाडीवाटच्या मुलांनी मागितली ती भाषा अगदीच परक्या घरची नव्हे.

घरोघरी मात्र तक्रार निराळीच ऐकू येते: मोबाइलने मुले बिघडतात. ती खोटी नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली यावर उपाय निघाला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावयाचा आणि दीड तास सर्वांनी मोबाइल व दूरदर्शन बंद ठेवावयाचे. मुलांनी त्या वेळात अभ्यास करावयाचा. मला यात आवडले ते ‘सर्वांनी’. आपण समाजमाध्यमांवर सुविचार पाठवीत बसावे आणि नातवास पाढे म्हणावयास सांगावे, हे जमण्याजोगे नाही.

विश्वामित्राची कथा मी अर्धीच सांगितली. चौसष्ट लिप्या जाणणारा तो मुलगा शाळा सोडून जात नाही. तो इतर मुलांत बसतो आणि त्यांच्याबरोबर वर्णमाला म्हणतो. ग्रंथकाराने त्या मुलांची संख्या दहा हजार सांगितली आहे. माझ्या ओटीवर संध्याकाळी पाचच येतात, आणि मोबाइल एकच, माझा. शेजारची नऊ वर्षांची मुलगी त्यांची विषयमित्र आहे. मी कोपऱ्यात बसतो. भांडण झाले तर माझे काम. परवा तिने मला विचारले, “आजोबा, तुम्हाला जपानी ‘अ’ काढता येतो का?”

मी पाटी पुढे ओढली.