जुळ्यांतील एक जीव लोपतो तेव्हा

विवाहानंतर अनेक वर्षे पाळणा हलत नाही, म्हणून दांपत्य टेस्ट ट्यूब पद्धतीचा उपचार घेते. सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दोन गर्भ दिसतात. मंदिरात पूजा होते, आप्तेष्टांत जुळ्यांची वार्ता पोहोचते. बाराव्या आठवड्यात मात्र पडद्यावर एकच हृदय धडधडताना दिसते. आनंद मानावा की शोक करावा, हेच घरात कोणाला उमगत नाही.

वैद्यकशास्त्र या घटनेस ‘व्हॅनिशिंग ट्विन’, म्हणजे ‘लुप्त जुळे’ म्हणते. बहुधा पहिल्या तिमाहीत एका गर्भाची वाढ थांबते व तो हळूहळू शोषला जातो. कधी किंचित रक्तस्राव होतो, कधी कोणतेच लक्षण जाणवत नाही. वंध्यत्वावरील उपचारांत सोनोग्राफी लवकर होते, म्हणून हे नजरेस येते. नैसर्गिक गर्भधारणेत ते अनेकदा नकळत घडून जाते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या उपचाराने एकेकटी जन्मलेली सुमारे १० टक्के बाळे आरंभी जुळ्यांतील होती, असे आढळले.

अशा वेळी घरातील बोटे सुनेकडे वळतात. ‘जिना चढलीस’, ‘दुकानात उभी राहिलीस’, असे शब्द कानी पडतात. हे सर्वस्वी अन्यायाचे आहे. गर्भातील गुणसूत्रांचा दोष हे याचे प्रमुख कारण मानले जाते. मातेच्या चालण्या-बसण्याने ते घडत नाही. अहिंसा केवळ आहारात नव्हे, वाणीतही पाळावयाची असते.

उरलेल्या बाळाचे काय? बहुतेक बाळे सुखरूप जन्मतात. तथापि डेन्मार्कच्या त्याच अभ्यासात, दुसरा गर्भ आठव्या आठवड्यानंतर लोपला असल्यास बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी भरण्याचा संभव अधिक दिसला. लोप जितका उशिरा, तितकी दक्षता अधिक. म्हणून पुढील तपासण्या चुकवू नयेत. प्रसूतीपूर्वी डॉक्टर बदलल्यास ही नोंद नव्या डॉक्टरांना अवश्य सांगावी. मातेच्या रक्तातून होणाऱ्या एनआयपीटी तपासणीपूर्वी तर ती सांगितलीच पाहिजे. लुप्त गर्भाचा डीएनए काही आठवडे रक्तात राहून निष्कर्ष चुकवू शकतो. पर्युषणात उपवास वा आयंबिल करण्याची इच्छा झाल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. मूग, मटकी, दूध, पनीर यांतून प्रथिने मिळतात. शाकाहारात कमी पडणाऱ्या बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्यावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उपचार खर्चिक, त्यामुळे ‘एकाच खर्चात दोन मुले झाली तर बरे’ हा हिशोब आपल्या व्यापारी मनास सहज पटतो. डॉक्टरांकडे दोन-तीन भ्रूण सोडण्याचा आग्रहही होतो. परंतु जुळ्यांत अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन आणि नवजात अतिदक्षता कक्षातील मुक्काम यांचा धोका बराच वाढतो. तो खर्च कोणत्याही चोपडीत आधी मांडलेला नसतो. तीन गर्भ राहिल्यास एकाची वाढ थांबविण्याचा सल्ला मिळू शकतो. जैन कुटुंबासाठी याहून कठीण प्रसंग कोणता? योग्य रुग्णांत एका वेळी एकच भ्रूण सोडून उरलेले गोठवून ठेवल्यास हे संकट बहुतांशी टळते. मात्र गोठविलेल्या भ्रूणांचे पुढे काय करावयाचे, याचाही विचार पती-पत्नींनी उपचारापूर्वीच करावा आणि मनात शंका असल्यास गुरुजनांशी बोलावे.

लोपलेल्या जीवासाठी आईचे डोळे भरून आले, तर ‘एक तरी आहे ना’ म्हणून तिला गप्प करू नये. तिच्यापुरते ते बाळ होते. तिच्याजवळ शांत बसावे, नवकार म्हणावा, तिला रडू द्यावे. पोटातील बाळाची काळजी घेण्याचे बळ तिला त्यातूनच मिळेल.