होडीच्या इंजिनाचें हायड्रॉलिक उचलयंत्र : हवा काढणें व तेल भरणें

कृष्णा-वारणेच्या कांठच्या गांवांत होडी ही आतां केवळ नावाड्याची वस्तु राहिलेली नाहीं. सन 2005, 2019 व 2021 च्या महापुरांनीं ती गांवाच्या रक्षणाचें साधन केली आहे. 2019 च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी 57 फुटांवर चढलें. तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा वेळीं होडीच्या इंजिनानें दगा देऊं नये म्हणून त्याच्या एका दुर्लक्षित अंगाची माहिती आम्हीं येथें देत आहों.

पुराचें पाणी शेतांवरून पसरतें. त्याखालीं बांध, कांटेरी तारा, उभा ऊंस व द्राक्षाचे मांडव असतात. तेथें इंजिन वर उचलतां आलें नाहीं तर पंखा अडकतो किंवा मोडतो. कोयनेच्या शिवसागरांत तापोळा-बामणोलीकडे होड्या चालतात. तेथेंहि कांठाला लागतांना इंजिन उचलावें लागतें. लहान इंजिन हातानें उचलतां येतें. मोठ्या इंजिनास मात्र बटणावर चालणारें उचलयंत्र असतें.

याची रचना ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकसारखीच आहे. विजेची लहान मोटर पंप फिरविते, पंप टाकींतील तेल नळकांड्यांत ढकलतो व दट्ट्या इंजिनास वर नेतो. तेल दाबलें तरी आकसत नाहीं, म्हणून जोर पुरा पोंचतो. हवा मात्र दबते. तेलांत हवा शिरली कीं पंपाचा जोर ती दाबण्यांतच खर्च होतो. इंजिन हिसके देत चढतें, अर्ध्यावर थांबतें, किंवा उचललेलें आपोआप खालीं उतरतें. डिझेल पंपानें हवा धरली म्हणजे काय होतें हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

प्रथम बॅटरी पुरी भरलेली आहे ना, व हातानें उतरविण्याचा स्क्रू घट्ट आहे ना, हें पहावें. हा स्क्रू ढिला असला तरी लक्षणें हींच दिसतात.

नंतर इंजिन पूर्ण वर न्यावें व आधाराची कडी लावावी. बटण काम देत नसेल तर स्क्रू ढिला करून दोघांनीं इंजिन हातानें उचलावें, कडी लावावी व स्क्रू पुन्हां आवळावा. कडी लावल्यावांचून इंजिनाखालीं हात घालूं नये. टाकीचें बूच इंजिन वर असतांनाच उघडावें. खालीं असतांना तेल दाबानें उसळतें. भोंवतालची माती आधीं पुसून काढावी.

तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावें. कमी असल्यास इंजिनाच्या पुस्तिकेंत सांगितलेलेंच तेल घालावें. ब्रेकचें तेल कधींहि घालूं नये, त्यानें रबरी सील बिघडतात. तेल दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी शिरलें असें समजावें व सर्व तेल बदलावें.

आतां हवा काढावयाची. बूच आवळून कडी सोडावी. स्क्रू पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें ढिला करून इंजिन स्वतःच्या भारानें सावकाश पूर्ण खालीं येऊं द्यावें. पांच मिनिटें थांबावें, म्हणजे फेस बसतो. स्क्रू आवळून बटणानें इंजिन पूर्ण वर न्यावें, कडी लावावी, पुन्हां पांच मिनिटें थांबून तेल पहावें व कमी झालें तितकें घालावें. पातळी स्थिर होऊन हिसके थांबेपर्यंत हाच क्रम पुन्हां पुन्हां करावा. बटण फार वेळ दाबून धरूं नये, मोटर तापते.

शेवटीं कडी न लावतां इंजिन रात्रभर वर ठेवावें. तें खालीं माणूस वा जनावर फिरकणार नाहीं अशाच जागीं. सकाळीं तें उतरलेलें दिसल्यास, किंवा थोड्याच दिवसांत तेल पुन्हां घटल्यास, सील वा आंतील झडप गेली आहे. नुसतें तेल घालीत राहणें हा उपाय नव्हे, कारागिराकडे न्यावें. काढलेलें जुनें तेल नदींत वा विहिरीजवळ ओतूं नये.

हें काम मृग लागण्यापूर्वींच उरकावें. तसेंच हातानें उतरविण्याचा स्क्रू कोठें आहे हें होडी चालविणाऱ्या प्रत्येकास दाखवून ठेवावें. कारण भर पुरांत बॅटरी उतरली तर इंजिन वर-खालीं करण्यास तोच एक मार्ग उरतो.