घाटाची चढण आणि सायकलीचे महाग भाग

पळसदरी हें कर्जतला लागून असलेलें लहानसें स्टेशन. येथून लोहमार्गाच्या दोन वाटा होतात. एक फांटा सपाटीवरून खोपोलीला जातो आणि मुख्य मार्ग बोरघाट चढूं लागतो. जवळच एक तलाव आहे. वाफेच्या एंजिनांना पाणी मिळावें म्हणून रेल्वेनें तो बांधला. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८५८ सालीं खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचा मार्ग सुरू झाला. परंतु मधल्या घाटांतून गाडी जावयास १८६३ साल उजाडावें लागलें. तीं पांच वर्षें उतारूंनीं हा घाट पालखींत बसून, तट्टावर किंवा गाडींतून काढला. ३७ फुटांना १ फूट ही या लोहमार्गाची सर्वांत कडक चढण. पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांना कर्जतला मागून जादा एंजिनें जोडतात तीं याचसाठीं. सपाटीवर जें ओझें गाडीला जाणवतहि नाहीं, त्याची किंमत घाटांत मोजावी लागते.

ओझें आणि चढण यांचा हा हिशेब अलीकडे एका फार लहान वाहनाच्या संबंधांत पुन्हा मांडला जात आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर सायकलींना मज्जाव असल्यामुळें घाट चढूं इच्छिणाऱ्या सायकलस्वाराला खोपोलीवरून शिंग्रोबाच्या देवळाकडे जाणारा जुना रस्ताच धरावा लागतो. सर जॉन माल्कमच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुला झालेला घाटरस्ता तो हाच. मुंबई-पुणें सायकल शर्यतींत या चढावर जो पहिला येतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. या वाटेनें जाणाऱ्या हौशी मंडळींच्या कित्येक सायकलींची किंमत मोटारसायकलीहूनहि अधिक असते, आणि ज्या घरांत असा एखादा शौकीन तरुण आहे त्या घरांत वादहि ठरलेला असतो. चिरंजीव म्हणतात, वरच्या प्रतीचे भाग बसविल्याखेरीज सायकल चालणार नाहीं. वडील म्हणतात, हा पैसा पाण्यांत गेला. दोघांचेंहि म्हणणें थोडथोडें खरें आहे. तें कोठें खरें आहे एवढेंच पाहावयाचें.

शर्यतीच्या सायकलीचे पायदांडे, साखळी, दांतेरी चक्रें, गिअर बदलण्याची यंत्रणा आणि ब्रेक हे भाग मिळून एक संच होतो, व तो तयार करणारे कारखाने जगांत मोजकेच आहेत. जपानांतील साकाई येथें १९२१ सालीं निघालेला शिमानो हा त्यांतला सर्वांत मोठा. इटलींतील काम्पान्योलो १९३३ सालचा आणि अमेरिकेंतील स्रॅम १९८७ सालचा. शिमानोच्या शर्यती संचांत १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस अशा चढत्या प्रती आहेत. पूर्वी या प्रतींत अंतर मोठें होतें. विजेवर चालणारी गिअरयोजना २००९ सालीं ड्युरा-एसमध्यें प्रथम आली. तीच २०२२ सालीं १०५ मध्येंहि आली. आज दोहोंत मागच्या चाकाला चक्रें बाराच, बोटाच्या स्पर्शानें गिअर बदलतो तोहि दोहोंत. असें असतां वरच्या प्रतीची किंमत मधल्या प्रतीच्या दुपटीहून अधिक पडते. या जादा पैशांत मिळतें काय? थोडा सफाईदारपणा, अधिक देखणें काम, आणि मुख्यतः सुमारें अर्धा किलो वजनाची बचत.

आतां हा अर्धा किलो पळसदरीहून निघून खंडाळ्याला नेऊन पाहावा.

पळसदरी ते खोपोली हें अकरा-बारा किलोमीटरांचें अंतर. या टप्प्यांत स्वाराचा खरा शत्रु वजन नव्हे, वारा होय. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणारा माणूस सुमारें दीडशें वॅट शक्ति खर्च करतो. एक किलो वजन दर सेकंदाला हाताच्या बोटभर, म्हणजे दहा सेंटिमीटर, उचलीत राहण्यास जी शक्ति लागते ती जवळजवळ एक वॅट समजावी. या दीडशेंपैकीं पाऊणहिस्सा शक्ति समोरची हवा बाजूला सारण्यांत जाते, उरलेली बहुतेक टायर रस्त्यावर दबून पुन्हा फुगण्यांत. संचाचें वजन येथें हिशेबांत धरण्याजोगें नाहीं. मात्र जाड, कडक रबराचे टायर काढून चांगले लवचिक टायर घातले, तर जोडीमागें दहा ते वीस वॅट वांचूं शकतात. पंधरा धरले तरी खोपोली गांठतांना जवळजवळ एक मिनिट वांचतें, आणि टायरांच्या जोडीला जे कांहीं हजार रुपये पडतात ते वरच्या संचाच्या किंमतीपुढें किरकोळच म्हणावयाचे. हवेचा पाऊणहिस्सा कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तर विकत घ्यावाच लागत नाहीं. कोपर वांकवून, पाठ खालीं नेऊन बसण्याची संवय आणि अंगाला चापून बसणारा सदरा यांचें काम महागड्या खोल रिमच्या चाकांहून अधिक होतें. पण दुकानदाराला कोपर विकतां येत नाहीं!

खोपोली सोडली कीं चित्र पालटतें. खंडाळ्यापर्यंत सुमारें साडेचारशें मीटर उंची चढावयाची असते. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले आणि सराव असलेला हौशी स्वार चढावर २०० वॅट शक्ति टिकवूं शकतो असें मानलें, तर वारा व टायर यांचा वांटा वजा जातां उरलेल्या शक्तीनें ही उंची गांठण्यास सदतीस मिनिटांच्या आसपास लागतात. येथें वजनाचा हिशेब सरळ आहे: एक किलो घटला तर वेळ शेंकडा सव्वाएक टक्क्याच्या जवळपास घटतो. अर्ध्या किलोचे होतात बारा-तेरा सेकंद. संचाच्या दोन प्रतींमधील किंमतीचें सारें अंतर घाटांत एवढ्यावर येऊन उभें राहतें. याच घाटांत वर सांगितलेले टायर मिनिटाहून अधिक वांचवितात, कारण चढावर वेग कमी असला तरी रस्त्याचा विरोध पाठ सोडीत नाहीं. आणि पळसदरीला भरून घेतलेली पाऊण लिटरची पाण्याची बाटली त्या वांचविलेल्या अर्ध्या किलोला एकटीच पुरून उरते. दसरा-दिवाळीच्या जेवणांची गोष्ट येथें काढावयास नको.

चाकांच्या संबंधांत एक समजूत फार पसरलेली आहे. चाकाच्या कडेवरचें वजन दुप्पट धरावें, असें सांगतात. सायकलीला वेग देत असतां हें खरें आहे, कारण कडेचें वजन पुढेंहि जातें आणि फिरतेंहि. परंतु घाट एका लयींत चढणारा स्वार वेग देत नसतो, उंची घेत असतो. तेथें कडेवरचे शंभर ग्रॅम आणि पिशवींतले शंभर ग्रॅम यांत भेद उरत नाहीं. बेअरिंगांतील मातीच्या छऱ्यांचेंहि असेंच. पोलादी छऱ्यांऐवजीं ते घातल्यानें घर्षण कमी होतें हें खोटें नाहीं. पण पोलादी छऱ्यांत तरी घर्षण मुळांत किती होतें? बचत वॅटभराची, पुष्कळदां तितकीहि नाहीं.

महाग वस्तु अधिक टिकते ही घरगुती समजूत भांड्यांच्या बाबतींत बहुधा खरी ठरते, सायकलीच्या बाबतींत नेहमींच नाहीं. वरच्या प्रतीच्या संचांत मागचीं कांहीं मोठीं चक्रें टायटॅनियमचीं असतात. तीं हलकीं असतात, पण पोलादाहून लवकर झिजतात. अर्थात् अधिक दाम मोजून कमी आयुष्य विकत घेतलें जातें, आणि शर्यतवाला हें जाणून घेतो. त्याला तीं चक्रें एका मोसमापुरतीं हवीं असतात. घरच्या पैशानें दहा वर्षें सायकल वापरूं पाहणाऱ्याला पोलादच भलें. शर्यतवाल्यांनासुद्धां हलकेपणाची हद्द आहेच: आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमांप्रमाणें २००० सालापासून ६.८ किलोंहून हलकी सायकल शर्यतींत चालत नाहीं.

म्हणजे चिरंजीवांचा पक्ष पडला असें नव्हे. चढलेला घाट उतरावाहि लागतो. ८५ किलो वजन साडेचारशें मीटर उंचीवर नेतांना जी शक्ति त्यांत सांठविली, ती सगळी उतारावर परत येते आणि हवा व ब्रेक या दोघांनाच ती पचवावी लागते. आषाढांत, धुक्यांत, रस्त्यावर पाणी वाहत असतां आणि मागून मालमोटारी येत असतां ब्रेकची प्रत ही चैनीची गोष्ट राहत नाहीं. रिमला घासणारे ब्रेक भिजले म्हणजे प्रथम पाणी निपटतात आणि मग पकडतात. तेवढ्यांत वळण येऊन ठेपलेलें असतें. कार्बनच्या रिमवर ते आणखी बेभरंवशाचे, आणि लांब उतारावर सारखे दाबून धरले तर ती रिम तापून निकामी होण्याचा धोका वेगळा. तबकडीचे, तेलाच्या दाबानें चालणारे ब्रेक पावसांतहि बोटाच्या हलक्या दाबानें काम देतात. साध्या संचांतून मधल्या संचाकडे जातांना जो पैसा पडतो त्यांतला मोठा भाग येथें सत्कारणीं लागतो, आणि वडिलांनीं हात आंखडूं नये अशी जागा हीच. मधल्या संचांतून वरच्या संचाकडे जातांना मात्र थांबण्याच्या अंतरांत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं.

घाटाचा राजा होऊं पाहणाऱ्याला बारा सेकंद म्हणजे सर्वस्व असूं शकतें. शिखराशीं दोन स्वारांत त्याहूनहि थोडें अंतर असतें. त्यानें टायर, बैठक, सराव आणि स्वतःचें वजन हे सगळे उपाय संपविलेले असतात, आणि मग उरलेला अर्धा किलो तो पैशानें उतरवितो. त्याचा हिशेब चुकलेला नाहीं. चुकतो तो ज्यानें आरंभच शेवटापासून केला त्याचा.

असा आरंभ करणाऱ्याच्या सायकलीची साखळी एकदां पाहावी. मोसमांत पळसदरीच्या रस्त्यावरचा चिखल आणि वाळू साखळींत शिरते आणि कानसेसारखी काम करते. कोरडी, मळकी साखळी स्वच्छ आणि वंगण दिलेल्या साखळीपेक्षां कांहीं वॅट जास्त खाते, म्हणजे त्या मातीच्या छऱ्यांनीं वांचविलें त्याच्या कितीतरी पट येथें गमावलें जातें. शिवाय झिजलेली साखळी महागडीं चक्रेंहि आपल्याबरोबर नेते. साध्या सायकलीची साखळी कोणत्याहि गांवीं मिळते. बारा चक्रांच्या संचाची तालुक्याच्या गांवीं मिळेलच असें नाहीं, ती मुंबईहून किंवा पुण्याहून आणवावी लागते, आणि तोंवर जुनी ओढण्याचा मोह होतो. ती केव्हां बदलावी हें शाळेंतल्या फूटपट्टीनें समजतें. नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. एका खिळीच्या मध्यापासून चोविसाव्या कडीच्या पुढच्या खिळीच्या मध्यापर्यंत मोजावें. बारा इंचांवर एक षोडशांश भरला तर साखळी बदलावी. एक अष्टमांश भरला तर बहुधा चक्रेंहि गेलेलीं असतात.